ऑलेसुंडला जाताय? आखणी परतीच्या बसपासून सुरू करा

दर उन्हाळ्यात तेच तेच निरोप येतात. "ऑलेसुंडची ट्रेन कुठून पकडायची?" "शहर आणि गाइरांगरचा फ्योर्ड एका दिवसात होईल ना?" "आज रविवार आहे, सगळं बंद आहे, आता खायचं काय?" नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे शहर एवढं लहान आहे की त्याचा मध्यभाग अर्ध्या तासात पायी ओलांडता येतो. तरीही इथे येणाऱ्यांचा निम्मा वेळ वाया जातो आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. लोक जायची वेळ आधी ठरवतात आणि परतीची नंतर बघतात. इथे उलट करावं लागतं. शेवटची बस, शेवटची बोट, दुकान बंद व्हायची वेळ हे आधी लिहून काढायचं आणि बाकीचा दिवस त्याच्या आत बसवायचा.

खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. मधला टप्पा गाळला की पुढचा बिघडतो.

## १. आधी महिना ठरवा, मग मुक्काम

ऑलेसुंड साधारण ६२ अंश उत्तरेला, म्हणजे उत्तर ध्रुववृत्ताच्या बऱ्याच खाली आहे. त्यामुळे मध्यरात्रीचा सूर्य इथे दिसत नाही. उत्तर ध्रुवीय प्रकाशही कधीतरी दिसतो, पण त्याच्या भरवशावर इथे येऊ नका. या दोन गोष्टींसाठी ट्रॉम्सोसारखं ध्रुववृत्तापलीकडचं गाव निवडा.

जूनमध्ये सूर्य रात्री अकराच्या पुढे मावळतो आणि पहाटे चारच्या आधी उगवतो. डिसेंबरात दहाच्या सुमाराला उजाडतं आणि दुपारी तीनला अंधारतं. पहिल्यांदा येत असाल तर मेचा शेवट ते सप्टेंबरची सुरुवात हा काळ घ्या. फ्योर्डमधल्या, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्यांतल्या, बहुतेक बोटी आणि डोंगरातले घाटरस्ते याच काळात चालू असतात.

मुक्काम किमान तीन रात्रींचा ठेवा. एक दिवस शहराला, एक दिवस बाहेर, आणि एक दिवस पावसासाठी राखीव. हा तिसरा दिवस सगळे आधी कापतात. अटलांटिकवरून येणारे ढग इथल्या डोंगरांना अडतात, त्यामुळे जुलैतही सलग दोन दिवस पाऊस लागू शकतो. राखीव दिवस असेल तर बाहेरचा दिवस पुढे ढकलता येतो. नसेल तर धुक्यात बोटीवर बसून पैसे भरल्याचं दुःख करावं लागतं.

तपासा: तुमच्या तारखांत रविवार कुठे येतो? १ मे, १७ मे, ईस्टरचे दिवस यांपैकी काही येतं का? आलं तर त्या दिवशी दुकानं बंद असतील, हे आत्ताच वहीत लिहा.

## २. व्हिसा आणि बॅग

नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. जास्त रात्री ज्या देशात, त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतराल तो देश. कोपनहेगनला दोन रात्री आणि नॉर्वेत सहा रात्री असताना "डेन्मार्कची तारीख लवकर मिळते" म्हणून तिकडे अर्ज करणारे पुष्कळ असतात. असं करू नका. कागदांतल्या हॉटेल बुकिंगवरून ते लगेच दिसतं.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. उन्हाळ्यासाठी मार्चच्या आत भेटीची वेळ मिळवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. म्हणून पहिल्या विमानतळावर पुढच्या विमानासाठी भरपूर वेळ ठेवा.

आता बॅग. आपल्याकडून सर्वांत जास्त चूक इथे होते. युरोपबाहेरून दूध आणि मांस यांचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तुपाची बरणी, पेढे, बर्फी, खवा घातलेलं काहीही घरीच ठेवा. बटाटेही नेऊ नका. कोरडी शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजणीची चकली, तेलातला चिवडा, पोह्याचं कोरडं मिश्रण हे न्या आणि पाकिटावर आत काय आहे ते इंग्रजीत लिहा. दशम्यांत दूध असतं, त्याऐवजी तेलावरच्या तिखटमिठाच्या पुऱ्या बऱ्या.

कपड्यांत एक लोकरी थर, त्यावर उबदार थर आणि सर्वांत वर पाणी व वारा अडवणारं जाकीट, टोपीसकट. पायात तळव्याला चांगली पकड असलेले बूट.

सावध: छत्रीच्या भरवशावर राहू नका. इथला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. शहराच्या मध्यातल्या ब्रूसुंडे कालव्याच्या पुलावर माझी छत्री पहिल्याच झोतात उलटी झाली आणि तिच्या काड्या सरळ करेपर्यंत मी खांद्यापर्यंत भिजले होते. तेव्हापासून बॅगेत जाकीटच असतं.

## ३. पोहोचायचा मार्ग निवडा

ऑलेसुंडला रेल्वे नाही. हे आधी पक्कं डोक्यात बसवा. मार्ग तीन आहेत.

विमानाने. ओस्लोहून साधारण तासाभराचं उड्डाण. विमानतळ विग्रा नावाच्या बेटावर आहे. तिथून शहरात येणारी बस समुद्राखालच्या दोन बोगद्यांतून येते आणि समुद्रसपाटीच्या सुमारे १४० मीटर खाली उतरते. पाऊण तास हाताशी ठेवा.

ओस्लोला विमान बदलत असाल तर एक गोष्ट चेक-इनलाच विचारा: बॅग थेट ऑलेसुंडपर्यंत जाणार की ओस्लोला उचलून कस्टम्समधून नेऊन पुन्हा द्यायची? परदेशातून येऊन देशांतर्गत विमान घेताना बहुतेक वेळा उचलावीच लागते. बॅगेच्या चिठ्ठीवर शेवटचं ठिकाण ऑलेसुंड दिसतं म्हणून लोक निर्धास्त पुढे जातात आणि बॅग मागे राहते. दोन विमानांत दोन तासांहून कमी अंतर घेऊ नका.

ट्रेन आणि बस. ओस्लोहून डोंबोस, तिथे गाडी बदलून राउमा मार्गाने ऑन्डाल्सनेस आणि पुढे सुमारे दोन तास बस. जवळजवळ पूर्ण दिवस जातो, पण राउमा मार्गाचा ११४ किलोमीटरचा प्रवास या सहलीतला सर्वांत सुंदर भाग ठरू शकतो. दिवस हाताशी असेल तर मी हाच मार्ग सुचवेन. बस ट्रेनच्या वेळेशी जुळणारी निवडा, म्हणजे ऑन्डाल्सनेसला तासन्‌तास बसावं लागणार नाही.

किनाऱ्यावरची बोट. बर्गनहून संध्याकाळी सुटणारी किनारी बोट दुसऱ्या दिवशी सकाळी ऑलेसुंडला येते. एका बंदरापासून दुसऱ्या बंदरापर्यंतचं सुटं तिकीट मिळतं, पूर्ण सफर घ्यावी लागत नाही. मात्र त्यात केबिन धरली आहे का, ते पैसे भरण्याआधी वाचा.

तपासा: तिकीट शोधताना नाव नीट टाका. पहिलं अक्षर डोक्यावर छोटं वर्तुळ असलेलं ए आहे. कळफलकावर ते नसेल तर दोन ए टाका, जुनं लेखन तसंच होतं. आणि नॉर्वेजियन वर्णमालेत हे अक्षर सर्वांत शेवटी येतं, म्हणून फलकावरच्या किंवा छापील यादीत ऑलेसुंड वर न शोधता तळाशी शोधा.

## ४. निघण्याआधी फोन आणि कार्ड

एन्तूर हे ॲप देशभरातल्या ट्रेन, बस आणि बोटींच्या वेळा एकत्र दाखवतं. फ्राम ही या जिल्ह्याची बससेवा, तिचं ॲप वेगळं घ्या. हवामानासाठी इर हे ॲप घ्या.

बसची वेळ नेहमी तुमची खरी तारीख टाकून बघा. शाळांना सुटी लागली की गावाकडच्या बऱ्याच फेऱ्या कमी होतात. मे महिन्यात बघून ठेवलेलं वेळापत्रक जुलैत लागू होईलच असं नाही.

कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करा आणि पिन पाठ करा. रोख जवळजवळ लागतच नाही, सार्वजनिक स्वच्छतागृहाचं दारही कार्डावर उघडतं. मशीनने "रुपयांत की क्रोनरमध्ये" असं विचारलं तर क्रोनरच निवडा, रुपयांचा दर महाग पडतो. कुठे फक्त व्हिप्स (फोनवरून पैसे देण्याचं ॲप) असं लिहिलेलं असेल तर ते इथल्या रहिवाशांसाठी आहे, पर्यटकाला उघडता येत नाही. दुसरं कार्ड वेगळ्या खिशात ठेवा.

युरोपातलं कुठलंही सिम सहसा नॉर्वेत चालतं, वेगळं घ्यायची गरज नसते.

## ५. खोली कुठे घ्यावी

शहराच्या मध्यभागी, ब्रूसुंडे या खाडीवजा कालव्याच्या दहा मिनिटांच्या परिसरात. बाहेर स्वस्त मिळतं, पण ते पैसे बसमध्ये आणि वेळेत जातात.

मे ते ऑगस्टमध्ये एक गोष्ट ध्यानात घ्या. मध्यभागातल्या इमारतींच्या खिडक्यांच्या कडांवर क्रिक्ये नावाचे समुद्रपक्षी घरटी करतात. ऐन उन्हाळ्यात रात्री पुरता अंधार होत नाही आणि त्यांचा कलकलाटही थांबत नाही. पक्षी बघायला फार गोड असतात, करड्या पाठीचे, काळ्या पायांचे, पिल्लाला पोटाखाली घेऊन अरुंद कडेवर बसलेले. पण झोप हलकी असेल तर पाण्याकडची खोली घेऊ नका. कानातले बोळे आणि डोळ्यांवरची पट्टी दोन्ही आणा.

तपासा: खोलीत इलेक्ट्रिक किटली आहे का? नॉर्वेत ती गृहीत धरता येत नाही. नसेल तर पोह्याचं पाकीट तसंच परत जाईल.

## ६. उतरल्यावर पहिलं काम: किराणा

खोलीवर बॅगा टाका आणि थेट दुकानात जा. आराम नंतर. शनिवारी पोहोचत असाल तर हे अजिबात टाळू नका. रविवारी मोठी दुकानं कायद्यानेच बंद असतात, उघडी असतात ती १०० चौरस मीटरच्या आतली छोटी दुकानं आणि पेट्रोल पंप. तिथे भाव जास्त आणि माल कमी.

रेमा, किवी, कूप ही नेहमीची दुकानं. पाव, फळं, दही, चीज, टोमॅटो, काकडी, डबाबंद राजमा असं दोन दिवसांचं घ्या. नळाचं पाणी उत्तम असतं, बाटल्या विकत घेऊ नका. घेतल्याच तर बाटलीमागे घेतलेली अनामत दुकानातल्या मशीनमध्ये रिकामी बाटली टाकून परत मिळते.

शाकाहारी लोकांनी चार शब्द पाठ करावेत: शॉट म्हणजे मांस, फिस्क म्हणजे मासा, एग म्हणजे अंडं, मेल्क म्हणजे दूध. शॉट के आणि जेने सुरू होतो, वाचताना फसायला होतं. जिलेटिन इथेही त्याच नावाने लिहितात. उपाहारगृहात "भाज्यांचं सूप" म्हटलं तरी ते माशाच्या पाण्यात केलेलं असू शकतं, म्हणून स्पष्ट विचारा. इथली माणसं सरळ उत्तर देतात.

मासे खात असाल तर बाहेरचं एक जेवण बाकालाओचं घ्या. मीठ लावून वाळवलेला कॉड टोमॅटो, कांदा, बटाटा यांबरोबर शिजवतात. हा वाळवलेला मासा या शहराचा मोठा व्यापार आहे. आमच्या मालवणच्या मावशीने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "अगो, हा आपल्या खाऱ्यासारखाच!" मग तिने ताट पुसून खाल्लं.

क्रोनरचा हिशेब डोक्यात करताना साधारण नऊने गुणा, रुपयांचा अंदाज येतो.

## ७. शहराचा दिवस, या क्रमाने

आधी अक्सला. शहरामागच्या या टेकडीवर बागेतून ४१८ पायऱ्या चढतात. वरून खाली पाहिलं की समुद्रात शिरलेली बेटं आणि त्यांवर दाटीने बसलेलं शहर एका नजरेत येतं. सकाळी नऊच्या आत जा. ऊन पाठीमागून येतं, शहर उजळलेलं दिसतं आणि गर्दी नसते. दहाच्या सुमाराला मोठ्या जहाजांतले प्रवासी वर येऊ लागतात. बंदरात कोणत्या दिवशी किती जहाजं येणार, याची यादी बंदराच्या संकेतस्थळावर असते, ती आदल्या रात्री बघा. दोन-तीन जहाजं असतील तर संध्याकाळी सहानंतर जा.

चढण्यापेक्षा उतरणं अवघड आहे, विशेषतः पायऱ्या ओल्या असताना. मावशी चढताना तीनदा बसली पण हसत होती. उतरताना मात्र कठडा सोडायला तयार नव्हती आणि तिचंच बरोबर होतं. गुडघे दुखत असतील तर वरपर्यंत गाडीरस्ता आहे. टॅक्सीने वर जा आणि टॅक्सीनेच खाली या.

मग रस्ते. १९०४ च्या आगीनंतर हे शहर तीन-चार वर्षांत दगडविटांत पुन्हा बांधलं, त्यामुळे इमारती एकाच, युगेंडश्टील म्हणजे आर्ट नुव्हो शैलीतल्या आहेत. तळमजल्यावरची दुकानं आजची आहेत. मान वर करा: मनोरे, कोपऱ्यांवरचे मुखवटे, वेलबुट्ट्या सगळं पहिल्या मजल्याच्या वर आहे. आपोटेकरगाटा हा रस्ता आणि तिथलं जुन्या औषधाच्या दुकानातलं युगेंडश्टील संग्रहालय बघा. आतल्या औषधाच्या दुकानाचं लाकूडकाम तसंच्या तसं आहे. मग पाण्याच्या कडेने मोल्याच्या लाल दीपगृहापर्यंत चाला.

पाऊस आला तर संग्रहालय आधी घ्या, अक्सला नंतर. किंवा शहराच्या पश्चिमेला तीन किलोमीटरवर टुएनेसे इथलं मत्स्यालय. पाणबुडे माशांना खायला घालतात त्याची वेळ ठरलेली असते, ती बघूनच निघा.

सावध: सुकेरटॉपेन हा ३१४ मीटरचा डोंगर शहरातून जवळ दिसतो म्हणून लोक साध्या बुटांत निघतात. वाट उभी आणि खडकाळ आहे. पावसात जाऊ नका. डोंगरात जाणाऱ्यांसाठी नॉर्वेत नऊ नियम सांगतात, त्यांतला एक असा की वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही.

## ८. बाहेरचा दिवस: एकच जागा निवडा

इथे बहुतेकांचा हात सैल सुटतो. यादीतलं एकच घ्या.

गाइरांगर. जागतिक वारसा यादीतला फ्योर्ड, पण ऑलेसुंडच्या शेजारी नाही. रस्त्याने जायला शंभरावर किलोमीटर आणि वाटेत फेरीबोट. थेट बोटीने एका बाजूला सुमारे तीन तास. पूर्ण दिवस द्यावाच लागतो. गाडीने ट्रोलस्टिगेन घाटावरून वळसा घेऊन जाणार असाल तर तो उघडा आहे का ते त्याच सकाळी बघा. हिवाळ्यात तो बंदच असतो आणि दरडींमुळे उन्हाळ्यातही बंद झालेला आहे.

योरुंडफ्योर्ड. जवळचा, कमी गर्दीचा, दोन्ही बाजूंना टोकदार डोंगर. फक्त फ्योर्ड बघायचा असेल आणि गाइरांगरचं नाव महत्त्वाचं नसेल तर मी हाच घेईन.

आल्नेस. गोडोया बेटावरचं दीपगृह आणि मासेमारांचं गाव. अर्ध्या दिवसात होतं, पण बस थोड्या आहेत. मी एकदा परतीची वेळ न बघता गेले. दीपगृहाच्या पायथ्याशी वारा खात बसले आणि थांब्यावर आले तेव्हा कळलं की त्या दिवसाची शेवटची बस गेली. शहरात परतायला लागलेली टॅक्सी हा त्या सहलीतला सर्वांत मोठा खर्च ठरला.

रुंडे. पक्ष्यांचं बेट. लाल-पिवळ्या चोचीचे पफिन एप्रिल ते जुलैअखेर इथे असतात, पण दिवसभर समुद्रावर जातात आणि संध्याकाळी कड्यांवर परततात. दुपारच्या बसने जाऊन संध्याकाळच्या बसने परतणाऱ्याला ते दिसत नाहीत. स्वतःची गाडी हवी किंवा बेटावर एक रात्र.

भाड्याची गाडी घेतलीत तर: आंतरराष्ट्रीय परवाना जवळ ठेवा, दिवे दिवसाही चालू हवेत, गाडी उजवीकडून. टोल आपोआप नोंदला जातो आणि बिल नंतर येतं. दारूची मर्यादा इतकी कमी आहे की एक ग्लासही नको.

तपासा: निघण्याआधी परतीच्या शेवटच्या दोन फेऱ्या फोनमध्ये आणि कागदावर लिहा. शेवटच्या फेरीच्या आधीचीच पकडायची, शेवटची फक्त अडचणीसाठी.

## ९. परतीचा दिवस

सकाळचं पहिलं विमान घेतलं असेल तर विमानतळाची बस त्या वाराला तेवढ्या लवकर आहे का, ते आदल्या दिवशी बघा. शनिवारी-रविवारी वेळा वेगळ्या असतात. बस नसेल तर टॅक्सी रात्रीच सांगून ठेवा, पहाटे रस्त्यावर उभं राहून मिळत नाही.

ओस्लोहून पुढे आंतरराष्ट्रीय विमान त्याच दिवशी असेल तर ऑलेसुंडहून शेवटच्या नाही, तर त्याच्या आधीच्या विमानाने निघा. विग्रावर धुकं आणि वारा दोन्ही येतात.

काही दुखलंखुपलं तर: तातडीची रुग्णवाहिका ११३, पोलीस ११२, आग ११०. जीवावरचं नसेल पण डॉक्टर हवा असेल तर ११६११७. हे चार आकडे विम्याच्या कागदाच्या मागे लिहून पासपोर्टमध्येच ठेवा, निघण्याच्या दिवशी नाही, आजच.